मास्तरांच्या घरचा माणूस

मुंबईत गेली पंचवीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की कर्जतला उतरा आणि नुसते माझे नाव घ्या. सुदैवाने कोणी उतरले नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत प्रत्येकाचे असे एकेक गाव आहे. तिथला आंबा गोड, तिथले पाणी पाचक, आणि तिथे त्याला सगळे ओळखतात. ही गावे पडताळून पाहण्याची चाळीत पद्धत नाही. माझ्यावर ती पाळी आली ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

यमुताई विधवा झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, आमच्या दोन खोल्यांत राहते. चाळिशी उलटल्यावर तिने शिक्षिकेची परीक्षा दिली आणि जूनपासून कर्जतच्या मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली. स्टेशनाजवळ भिसेगावात वडिलांचे घर आहे. ते माझ्या नावावर आहे आणि भाड्याने दिलेले आहे. मी उदारपणे म्हणालो, "ताई, तू आपल्या घरात जाऊन राहा."

"तुझ्या घरात राहिले काय आणि तुझ्या खोलीत राहिले काय, मला सारखंच," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "उद्या तुझ्या मुलांना घर लागलं की मी पुन्हा पेटी उचलायची. एकदा तरी माझ्या स्वतःच्या दाराला कडी लावून झोपू दे."

मी एका छापखान्यात मुद्रिते तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला स्वतःची चूक कोणी दाखवली की फार लागते. मी वकिलाकडून बक्षीसपत्र लिहून घेतले, चार दिवसांची रजा काढली आणि वैशाखातल्या एका बुधवारी निघालो. दस्त कर्जतच्या कचेरीत नोंदवायचा, एवढेच काम. शनिवारी दुपारी बारापर्यंत ते व्हायला हवे होते, कारण त्यानंतर तिथले रजिस्ट्रारसाहेब दीर्घ रजेवर जाणार होते आणि बदली माणूस कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हते. शाळा मात्र थांबणार नव्हती.

बुधवार, कर्जत

कर्जत जवळ आले तसा मी उठून खिडकीची काच लावली. समोरच्या तरुणाने विचारले, "एवढं उकडतंय, काच कशाला?" कर्जतला काच लावायची, नाहीतर कोळशाची कणी डोळ्यात जाते, हे आमच्या पिढीच्या हातात बसलेले आहे. पण गाडीला आता विजेचे इंजिन होते. ना धूर, ना कणी, ना ती धापा टाकत येणारी काळी इंजिने. घाट चढण्यासाठी मागून रेटायला दुसरे इंजिन अजूनही जोडतात आणि ते जोडताना बसणारा हिसका अजूनही चहा सांडवतो. जुन्या कर्जतचा तेवढा एक संस्कार टिकून आहे.

स्टेशनाबाहेर केळीचे खुंट आणि पताकांची कमान उभी होती. आदल्या दिवशी कोणी बडे गृहस्थ येऊन गेले होते. कोण, म्हणून मी तिघांना विचारले. तिघांनी तीन निरनिराळी नावे सांगितली. कमानीवर फक्त 'सुस्वागतम्' होते, त्यामुळे ती मीच वापरली.

कमानीपलीकडे एक न्हावी झाडाखाली पेटी मांडून बसला होता. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे दुसरा न्हावी होता, झाड तेच. मी दाढीला बसलो आणि सहज म्हणून विचारले, "भिसेगावातलं मास्तरांचं घर माहीत आहे का?"

"हाय की. पन मास्तर आता गावायचं नाय. सकाळच्या पाळीला ग्येलं."

माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांना जाऊन तेवीस वर्षे झाली. मी म्हणालो, "कोणते मास्तर?"

"मास्तर म्हंजे मास्तर. तारांवरचं. मद्राशी हायेत, पन मानूस बरा."

म्हणजे माझे भाडेकरू मुदलियार. ते रेल्वेच्या विजेच्या तारा सांभाळतात. वडिलांमुळे घर मास्तरांचे झाले आणि आता घरामुळे त्यात राहणारा मास्तर होतो. मी जरा ताठ बसून म्हणालो, "आणि त्या मास्तरांचा मुलगा आला तर त्याला काय म्हणाल?"

"मास्तरास्नी मुलगा नाय, दोन पोरी हायेत," न्हाव्याने वस्तरा पुसत सांगितले. "तुमी त्यांच्याकडं पावनं आलाव का?"

धुराचा विषय मीच काढला. तो गेला हे चांगलेच झाले असेल, असे मला वाटत होते. न्हावी म्हणाला, "धूर हुता तवा गिऱ्हाईक रोज यायचं. आता तोंड काळंच व्हत नाय, तर मानूस चार दिस दाढी ठेवतो." प्रगतीवर मी पुष्कळ लेख वाचले आहेत. हा मुद्दा त्यांत आलेला नाही.

कचेरीत रजिस्ट्रारसाहेब तरुण निघाले. टेबल स्वच्छ, दौत भरलेली, टाक रेषेत. त्यांनी दस्त शेवटपर्यंत वाचला, हे पाहून मला धंद्यातला माणूस भेटल्यासारखे वाटले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही ते तुम्हीच, हे कशावरून?"

"हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे."

"इथे तो नियमातला आहे. मी ज्याला ओळखतो आणि जो तुम्हाला पूर्वीपासून ओळखतो असा एक माणूस आणा. एकच आणा, पण खरा आणा."

बाहेर वडाखाली दस्त लिहून देणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझी अडचण मी सांगण्याआधीच ओळखली. त्यांच्याजवळ दोन इसम पान खात बसले होते. ते चहापाण्यावर कोणालाही लहानपणापासून ओळखत. मी म्हणालो, "मला पूर्वी कधी पाहिलंय का?" त्यातला एक मनापासून म्हणाला, "तुमी सांगाल तवापासनं." क्षणभर मोह झाला. पण ताईला द्यायचे घर अशा ओळखीवर उभे करावेसे वाटेना; शिवाय साहेब त्या दोघांना चांगले ओळखून असावेत, कारण खिडकीतून त्यांचे इकडे लक्ष होते.

मुक्काम माझ्याच घरी, पाहुणा म्हणून. मुदलियारांना पावसाळ्याआधी रेल्वेचे क्वार्टर मिळणार होते, त्यामुळे आमच्यात कसलीही अढी नव्हती. त्यांचे मराठी भिसेगावात शिकलेले. अंगावर इस्त्रीचा कोट आणि तोंडी, "या, या, बसा. तुमी घरमालक हाय, लाजू नका!" मी ओटीवर संकोचून बसलो. त्यांच्या बाईंनी पितळी पेल्यात कॉफी आणली, ती उंचावरून वाटीत ओतून फेसाळ करून दिली. आमच्या घरात चहासुद्धा वडील आजारी पडल्यावर आला. जेवायला रसम आणि भात, आणि भात तोच, कर्जतचा, पण ह्या रसमाबरोबर तो आमच्या घरी कधीच लागला नव्हता इतका चांगला लागला. दारात जिथे आई चार बोटांची रांगोळी काढी, तिथे बाईंनी अंगणभर ठिपके जोडले होते. मला वाईट वाटायला हवे होते. मी दोनदा प्रयत्न केला, पण पोट भरलेले होते.

गुरुवार, खालापूर

कचेरीतून मी निघताना साहेबांनीच एक नाव सुचवले होते. खालापुरात राहणारे पेन्शनर रावसाहेब, पूर्वीचे शाळातपासनीस, साऱ्या तालुक्याला माहीत. वडिलांच्या शाळेची परीक्षा तेच घेत आणि मी त्या वर्गात होतो. मला वाटले, काम झाले.

खोपोलीची गाडी अजून वाफेवर चालते. मुंबईला वीज पुरवणाऱ्या गावाला जाताना कोळशाच्या इंजिनातून जावे लागते, यातला विनोद रेल्वेच्या ध्यानात आलेला दिसत नाही. मी मुद्दाम खिडकीत बसलो, डोळे मिटून तो जुना वास घेतला, आणि पळसदरीच्या अलीकडे एक मोठी कणी माझ्या डोळ्यात गेली. खोपोलीपर्यंत मी एका डोळ्याने सृष्टिशोभा पाहिली. डोंगरावरून खाली उतरणारे ते प्रचंड नळ, पायथ्याचे वीजघर, आणि बाजूला जुने तळे आणि महादेवाचे देऊळ, जणू काही झालेच नाही अशा चेहऱ्याने.

पुढे टांगा. टांगेवाला साजगावचा. माझा लाल डोळा पाहून त्याने घोडा थांबवला, रस्त्याकडेच्या विहिरीचे पाणी काढून दिले आणि गावची जाहिरात सुरू केली. "कार्तिकात या. आमच्या इठोबाच्या जत्रंला सुक्या बोंबलांचा बाजार भरतो. बामन हाय का तुमी? मंग वाऱ्याच्या उलट्या बाजूला हुबं ऱ्हावा."

रावसाहेब पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. मागे भिंतीवर 'रावसाहेब' या पदवीची सनद, चौकटीत. बाजूला सनद स्वीकारतानाचे छायाचित्र. आणि त्याखाली हार, जो सहसा दिवंगतांना घालतात. वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र अजून तपासणीवर निघालेला. मी नमस्कार करून सगळे सांगितले. सून पन्हे घेऊन आली.

"कर्जतचे मास्तर? उत्तम शिक्षक," रावसाहेब म्हणाले. "त्यांचा मुलगा मला चांगला आठवतो."

"तोच मी."

"थांबा. सही करायची म्हणजे खात्री हवी." त्यांनी डोळे बारीक केले. "औटकी म्हणा."

औटकी म्हणजे साडेतिनांचा पाढा. लहानपणी तो माझा वैरी होता. पण दोन मुलांना घरी शिकवता शिकवता तो मला चांगला पाठ झाला आहे. ताईचे घर डोळ्यांपुढे आणून मी हात जोडून म्हणालो, "एक औट साडेतीन, बे औटे सात," आणि एका दमात तेरा औटे साडेपंचेचाळीसपर्यंत पोचलो. सून कौतुकाने पाहत राहिली. मी पन्ह्याचा घोट घेतला.

रावसाहेबांनी खेदाने मान हलवली. "तुम्ही तो नव्हेत."

"का? चुकलं कुठे?"

"कुठेच नाही. मास्तरांचा मुलगा सात औट्यांना अडकायचा. तीन वर्षं मी तपासणी केली, तीन वर्षं तो तिथेच अडकला. मास्तरांसारख्या शिक्षकाचा मुलगा आणि सात औटे येईना, म्हणून तर लक्षात राहिला. तुम्ही अडकला नाहीत."

"रावसाहेब, पंचवीस वर्षांत माणूस शिकतो!"

"तो मुलगा शिकणारा नव्हता," रावसाहेब ठामपणे म्हणाले.

सून हळूच म्हणाली, "मामंजी, आता चुकवून म्हणाले तर?"

"आता चुकवले तर ती लबाडी होईल."

त्यांचे काही चुकले असे मला आजही म्हणता येत नाही. रावसाहेबांची सनद मला हास्यास्पद वाटली होती; पण वडाखालच्या त्या दोघांनंतर, न ओळखलेल्याला न ओळखणारा माणूस पाहून बरे वाटले. एवढेच की त्या समाधानाची किंमत ताईला मोजावी लागणार होती. निघताना सुनेने शिदोरीत फणसाच्या सांदणांची पुडी दिली. ती टांगेवाल्याने आणि मी अर्धी अर्धी खाल्ली.

शुक्रवारी मी कर्जत पायी पालथे घातले. जुना वाणी नाशकाला मुलाकडे गेलेला. शाळेतला सोबती नदीपलीकडे राहतो असे कळले. भेटल्यावर तो दुसऱ्याच कोणाचा सोबती निघाला, तरीही तासभर आम्ही आठवणी काढल्या आणि दोघांनाही आनंद झाला. देवळाचे पुजारी मला ओळखत होते, पण साहेब त्यांना ओळखत नव्हते, कारण साहेब देवळात जात नाहीत. संध्याकाळी मुदलियार ओटीवर माझ्याशेजारी बसले. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस म्हणे, "काय मास्तर?" मी दोनदा मान वर केली. दोन्ही वेळा मुदलियारांनी उत्तर दिले.

"मी वळखतो तुमाला," ते म्हणाले. "पन तीन दिस झालं फक्त. साहेब खरा मानूस मागतो."

ताईला काय सांगायचे याची वाक्ये मी मनात जुळवू लागलो. ती कुठल्याही वाक्यावर "बरं" एवढेच म्हणाली असती, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली असती. तेच मला नको होते.

शनिवार, सकाळ

कॉफी संपत होती तेवढ्यात अंगणात धप्प आवाज झाला. डोंगराकडच्या ठाकूरवाडीतली एक म्हातारी सरपणाची मोळी टाकून पदराने मान पुसत उभी होती. मुदलियारांच्या बाई आत होत्या. मी पायरी उतरलो, मोळीच्या पोटातून एक काडी ओढली, डोळे मिटून कानाशी धरून कट्‌कन मोडली, आवाज ऐकला, आणि दोन्ही तुकडे जिथून काढले तिथे परत खोचले.

डोळे उघडले तर म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"मास्तराचा तू," ती म्हणाली. "जुन्या मास्तराचा. यमी कशी हाय रं?"

मी तिच्याकडे निरखून पाहिले.

"मी बुधी. इंजनाचं अर्धं जळल्यालं कोळसं येचून तुमच्याकडं आनायची, सरपान आनायची. आता इंजन कोळसं टाकीत नाय, निस्ती मोळीच आनते. तुजा बा असाच. वली का सुकी बगाया रोज काडी मोडायचा. रोज! येक दिस इस्वास ठेवला नाय मेल्यानं." ती हसली. दोन दात होते, दोन्ही पुढचे. "तसाच डोळं मिटतूस गं बाय. मला वाटलं, बाच आला परत."

मी असे काही करतो हे मला माहीत नव्हते. वडिलांची संशयी नजर, त्यांची रोजची घासाघीस, यांच्यापासून आपण वाचनाने दूर आलो अशी माझी समजूत होती.

"बुधीबाई," मी म्हणालो, "कचेरीतले साहेब तुला ओळखतात का?"

"त्येंच्या चुलीत काय ईज जळती? माजीच मोळी जळती."

साडेदहाला आम्ही कचेरीत होतो. शिपायाने तिला दारात अडवले, तर आतून साहेबच म्हणाले, "येऊ दे." मी सारे सांगितले. साहेबांनी टाक खाली ठेवला.

"हिला मी ओळखतो," ते म्हणाले. "हिचा आवाज रोज सकाळी आमच्या मागल्या दारी असतो. पण काडी काय, कोणीही मोडील."

"मोडील की," बुधी म्हणाली. "पन परत खोचील कोन? मोडल्याली काडी समदी घरात टाकत्यात. तुमच्या घरात तर रोज चार काड्या वल्या म्हनून बाजूला काढत्यात, पैसं त्येवढं कापत्यात, आन सांजला त्याच चुलीत जात्यात. मी बोलते का? ह्याचा बा कटकट्या हुता, पन दोनी तुकडं माज्या मोळीत परत घालायचा. तसा दुसरा मानूस मी नाय पाह्यला. आज ह्यो पाह्यला."

शिपाई छताकडे पाहत होता. साहेबांचे कान हळूहळू लाल झाले. ते दस्तावर वाकले आणि वर न पाहता म्हणाले, "याला भावंडं?"

"येक भन. यमी. दोन येन्या घालायची. माज्या पाटीतली करवंदं खायची नि बिया ह्याच्या खिशात टाकायची, मार ह्यो खायचा."

हे मी पार विसरलो होतो. बिया आठवल्या नाहीत, मार आठवला.

दस्तात 'यमुना' हे नाव होते. बुधीला वाचता येत नाही आणि घर कोणाला द्यायचे ते मी तिला तोवर सांगितले नव्हते. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. ओळख पटविणार या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिले: बुधी, वस्ती ठाकूरवाडी, धंदा मोळीविक्री. बुधीने डावा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर असा टेकवला की टेबल हलले. घड्याळात पावणेबारा झाले होते.

बाहेर वडाखालचे दोघे तिच्याकडे धंद्यातला नवा माणूस पाहावा तसे पाहत होते. मी खिशात हात घातला, तर ती भडकली. "त्येचं काय घेनार? मी बगितलं ते सांगितलं." मग ओच्यातली करवंदे पानाच्या द्रोणात भरून माझ्या हातात दिली. "यमीला दे. बिया तुज्या खिशात नको म्हनावं." आणि जाता जाता वळून म्हणाली, "ती हितं ऱ्हायला येनार ना रं? तिला बी काडी मोडायची खोड हाय का?"

"माझ्यापेक्षा जास्त."

बुधीने सुस्कारा सोडला. "मंग आता सुकीच आनाया लागंल."

कर्जतच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मुदलियार भेटायला आले. हमाल म्हणाला, "काय मास्तर?" आम्ही दोघांनीही मान वर केली.

घरी पोचेपर्यंत करवंदांचा लगदा झाला होता. ताईने तो वाटीत काढला, हात पुसले आणि दस्त दिव्याजवळ नेऊन पहिल्या अक्षरापासून वाचला. शेवटच्या पानावर काळ्या अंगठ्याशी ती थांबली.

"बुधी," ती म्हणाली. "अजून आहे? तिने तुला कशावरून ओळखलं?"

"चेहऱ्यावरून," मी म्हणालो.

ताईने कागदाची नीट घडी घातली आणि ती आपल्या पेटीत, अगदी तळाशी, ठेवली.

"खोटं," ती म्हणाली. "काडी मोडली असशील."